भाषांतराच्या आडोशाला कोण सुरक्षित होतं? येफिम एत्किंद यांच्या निमित्ताने एका लाडक्या समजुतीचा प्रतिवाद

रशियन साहित्यावर गप्पा निघाल्या की एक मजकूर हमखास पुढे येतो. थोडक्यात तो असा: स्टालिनच्या काळात ज्या कवींना स्वतःच्या कविता छापता येईनात, ते भाषांतराकडे वळले. तिथे त्यांना कुणी हात लावला नाही. परदेशी लेखकाच्या मताची जबाबदारी भाषांतरकारावर येत नसल्यामुळे सेन्सॉर तिकडे फारसं बघत नसे. पैसेही बरे मिळत. एका बाईने तर कोठडीत, जवळ पुस्तक नसताना, बायरनचं अख्खं ‘डॉन जुआन’ स्मरणातून रशियन पद्यात उतरवलं आणि त्यावर तिची सुटका झाली. म्हणून तर रशियन भाषांतरं जगात सर्वोत्तम! शेवटी ‘हे भाषांतराचे मोठे अभ्यासक एत्किंद यांनीच सांगितलंय’ अशी पुस्ती असते.

लोकवाङ्मय गृहात मिळणाऱ्या स्वस्त, बांधीव सोव्हिएत पुस्तकांवर आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला मनापासून आवडते. पण तिच्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एकतर चुकीचं आहे किंवा अर्धवट. आणि तिच्या विरोधातला सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे खुद्द एत्किंद यांचं आयुष्य.

एत्किंद नेमकं काय म्हणाले होते

येफिम ग्रिगोर्येविच एत्किंद (१९१८–१९९९) यांचा जन्म पेत्रोग्रादचा. लेनिनग्राद विद्यापीठात त्यांनी फ्रेंच-जर्मन साहित्याचा अभ्यास केला, युद्धात ते लष्करी दुभाषे होते, नंतर त्यांनी झोलावर प्रबंध लिहिला. फ्रेंच आणि जर्मन कविता त्यांनी स्वतः भाषांतरित केल्या. पण त्यांचं खरं काम म्हणजे पद्यानुवादाचा पद्धतशीर अभ्यास. एका भाषेतल्या छंदाचं, यमकाचं, स्वराचं दुसऱ्या भाषेत नेमकं काय होतं, हे ओळीशेजारी ओळ ठेवून ते दाखवत. १९६३ मध्ये ‘कविता आणि भाषांतर’ हे पुस्तक आलं, १९६५ मध्ये याच विषयावर डॉक्टरेट मिळाली, आणि पुढे ते लेनिनग्रादच्या हेर्त्सेन अध्यापन संस्थेत प्राध्यापक झाले.

१९६८ साली ‘कवीचं ग्रंथालय’ या प्रतिष्ठित मालेत रशियन पद्यानुवादाच्या उस्तादांचा दोन खंडांचा संग्रह निघाला. संपादन आणि प्रस्तावना एत्किंद यांची. प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं, की स्वतःच्या कवितेतून पूर्णपणे बोलण्याची संधी हिरावली गेलेले रशियन कवी, विशेषतः सतराव्या आणि विसाव्या काँग्रेसच्या (म्हणजे सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या महाअधिवेशनांच्या) दरम्यान, ग्योथे, ऑर्बेलियानी, शेक्सपिअर, ह्यूगो यांच्या तोंडून वाचकांशी बोलत होते. फिरणाऱ्या मजकुराचा उगम हा.

आता यात काय आहे आणि काय नाही ते बघा. पक्षाची सतरावी काँग्रेस १९३४ ची, विसावी १९५६ ची. म्हणजे बावीस वर्षं कवींची तोंडं बंद होती असा आरोप या वाक्यात आहे. ‘विशेषतः’ या शब्दामुळे तो त्या बावीस वर्षांपुरताही राहत नाही. कवी भाषांतराकडे का ढकलले गेले, हे त्यात सांगितलं आहे. तिथे ते सुरक्षित होते असं कुठेही म्हटलेलं नाही.

वाक्य वरिष्ठांच्या लक्षात आलं तेव्हा खंड छापून झाला होता. प्रस्तावना बदलावी लागली, ते वाक्य काढून पुस्तक वाचकांपर्यंत गेलं, आणि प्रकाशनातल्या संपादक मंडळींना त्याची किंमत मोजावी लागली. एत्किंद यांच्या नावापुढे ही नोंद कायमची राहिली. सहा वर्षांनी ती पुन्हा बाहेर काढली गेली. जुन्या अनुवादांचा संग्रह, त्याची अभ्यासपूर्ण प्रस्तावना, त्यातलं एक वाक्य. राजकीय पत्रक वगैरे काही नव्हतं. भाषांतराच्या आडोशाचं वर्णन करणंसुद्धा सुरक्षित नव्हतं, तर आडोसा कसला?

‘भाषांतरकारांना कुणी हात लावला नाही’

हे विधान करणाऱ्यांनी लेनिनग्रादमधली एक तारीख लक्षात ठेवावी: २१ सप्टेंबर १९३८. त्या दिवशी गोळ्या घातलेल्यांमध्ये बेनेडिक्ट लिव्हशित्स होते. तरुणपणी फ्युचरिस्ट कवी. पण तिशीच्या दशकात त्यांची ओळख फ्रेंच कवितेचे अनुवादक अशी होती आणि त्यांच्या अनुवादांचा नवा संग्रह अटकेच्याच वर्षी, १९३७ मध्ये निघाला होता. त्याच दिवशी व्हालेंतिन स्तेनिच यांना मारलं गेलं. जॉन डॉस पासोस रशियनमध्ये आणणारे आणि जॉइसच्या ‘युलिसिस’मधले भाग भाषांतरित करणारे ते हेच. त्याच दिवशी व्हिल्हेल्म झोर्गेनफ्राय. तेही जर्मनमधून भाषांतर करणारे कवी. लिव्हशित्स यांच्या घरच्यांना पुढे सांगण्यात आलं, की ते १९३९ मध्ये हृदयविकाराने गेले. त्यामुळे जुन्या सोव्हिएत संदर्भग्रंथांत त्यांचं मृत्यूचं वर्ष चुकीचं सापडतं. अशा ग्रंथांतून माहिती उचलणाऱ्याला ‘भाषांतरकार आजारपणात वारले’ असंच चित्र दिसणार.

त्याआधी १९३५ मध्ये एक खटला झाला. कविता लिहिणारे सोडाच, शब्दकोश करणारे त्यात पकडले गेले. मोठ्या जर्मन-रशियन शब्दकोशाच्या कामाशी संबंधित विद्वानांवर फॅसिस्ट कटाचा आरोप ठेवला गेला. त्यांत तत्त्वज्ञ आणि अनुवादक गुस्ताव श्पेत, कला-अभ्यासक आणि अनुवादक आलेक्सांद्र गाब्रिचेव्स्की, छंदांचे अभ्यासक बोरिस यार्खो, साहित्याभ्यासक मिखाईल पेत्रोव्स्की होते. श्पेत हद्दपारीत तोम्स्कला राहिले. तिथे त्यांनी हेगेलच्या ‘फेनोमेनॉलॉजी’चं रशियन भाषांतर केलं, आजही रशियनमध्ये हेगेल वाचणारा माणूस त्या भाषांतराशी गाठ पडल्यावाचून पुढे जात नाही. १६ नोव्हेंबर १९३७ रोजी त्यांना तोम्स्कमध्ये गोळी घातली गेली. भाषांतर छापलं गेलं १९५९ मध्ये.

उलट बाजूची उदाहरणं आहेत, आणि ती लपवण्याचं कारण नाही. मिखाईल लोझिन्स्की यांना दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या अनुवादासाठी १९४६ मध्ये स्टालिन पारितोषिक मिळालं. निकोलाय झाबोलोत्स्की छावणीतून सुटल्यावर पुन्हा साहित्यात येऊ शकले ते मुख्यतः ‘ईगोरच्या मोहिमेची गाथा’ या प्राचीन काव्याच्या रूपांतरामुळे आणि जॉर्जियन कवींच्या अनुवादांमुळे. पण लोझिन्स्की यांनाही १९३२ मध्ये अटक झाली होती. कोण वाचला, कोण मारला गेला, याचा संबंध तो भाषांतर करत होता की नव्हता याच्याशी लावून बघितला तर काहीच हाती लागत नाही. कुणाचं नाव कुणाच्या जबानीत आलं, कुणाची ओळख कुणाशी होती, हे जास्त निर्णायक होतं.

‘सेन्सॉर भाषांतरं वाचत नसे’

कुणाच्या घरात जुनं सोव्हिएत पुस्तक असेल तर शेवटचं पान उघडा. अगदी बारीक टायपात एक चौकट असते: मजकूर जुळणीला कधी दिला, छपाईसाठी सही कधी झाली, कागदाचा आकार, प्रती किती, किंमत किती. अनेक पुस्तकांत यातच एक अक्षर आणि पाच आकडे असा क्रमांक असतो. तो सेन्सॉर खात्याच्या, म्हणजे ग्लावलितच्या परवानगीचा. मूळ लेखन असो की भाषांतर, चौकट तीच. जुळणीची तारीख आणि छपाईच्या सहीची तारीख यांत विलक्षण मोठं अंतर दिसलं, तर पुस्तक कुठेतरी अडकलं होतं असा संशय घ्यायला जागा असते. नेहमीच नाही, कागदाची टंचाईही असे.

सेन्सॉरचा शिक्का हा या वाटेवरचा शेवटचा टप्पा. त्याआधी प्रकाशनाच्या वार्षिक योजनेत पुस्तकाचं नाव यावं लागे. मग ‘अंतर्गत परीक्षण’ होई: कुणीतरी जाणकार लिहून देई, की हा लेखक पुरोगामी आहे, छापण्यालायक आहे. मग संपादक मूळ आणि भाषांतर ताडून पाही. मग प्रस्तावना! परदेशी लेखकाला ‘समजावून सांगणारी’ प्रस्तावना नसेल तर पुस्तक हलायचंच नाही. यातल्या कुठल्याही टप्प्यावर काम थांबू शकत असे, आणि भाषांतरकाराची दोन-तीन वर्षं पाण्यात जात.

नेमकी उदाहरणं बघा. इव्हान काश्किन यांच्या गटाने केलेलं ‘युलिसिस’चं भाषांतर १९३५ पासून ‘इंटरनॅशनल लिटरेचर’ या अर्थाच्या नावाच्या रशियन मासिकात क्रमशः येऊ लागलं. दहा प्रकरणं झाली आणि १९३६ मध्ये ते बंद पडलं. गटातले ईगोर रोमानोविच पुढे अटकेत गेले आणि छावणीत मेले. संपूर्ण ‘युलिसिस’ रशियन वाचकाला मिळालं १९८९ मध्ये, दुसऱ्याच अनुवादकांच्या हातचं. हेमिंग्वेची स्पॅनिश यादवीवरची कादंबरी ‘फॉर हूम द बेल टोल्स’ मूळ प्रसिद्ध झाली १९४० मध्ये. रशियनमध्ये ती उजेडात आली १९६८ मध्ये, तीही काटछाट करून, कारण स्पेनमधल्या कम्युनिस्ट नेत्यांचं त्यातलं चित्रण खपण्यासारखं नव्हतं. कवी बोरिस पास्तरनाक यांनी केलेल्या ‘फाउस्ट’च्या अनुवादावर १९५० मध्ये ‘नोव्ही मीर’ या मासिकात टीका आली, की अनुवादकाने ग्योथेचा पुरोगामी आशय विकृत केला. ‘जबाबदारी मूळ लेखकाची’ हा युक्तिवाद ग्योथेच्या बाबतीतसुद्धा चालला नाही.

सोव्हिएत संघातल्याच इतर भाषांमधून भाषांतर करणं तर आणखी निसरडं. सेम्यॉन लिपकिन यांनी कल्मिक महाकाव्य ‘जांगर’ रशियनमध्ये आणलं. १९४० मध्ये त्याचा मोठा सरकारी उत्सव झाला. डिसेंबर १९४३ मध्ये अख्ख्या कल्मिक समाजाला सैबेरियात हद्दपार केलं गेलं, आणि त्याबरोबर त्यांचं महाकाव्यही छापील जगातून नाहीसं झालं. अनुवादात एक अक्षर बदललेलं नव्हतं. जॉर्जियन कवींचं तसंच. पास्तरनाक यांनी तित्सियान ताबिद्झे आणि पाओलो याश्विली यांच्या कविता भाषांतरित केल्या; १९३७ मध्ये याश्विली यांनी आत्महत्या केली, ताबिद्झे यांना गोळी घालण्यात आली. मूळ कवीच ‘शत्रू’ ठरला की त्याचं भाषांतर जवळ असणं हीसुद्धा जोखीम.

‘पैसे बरे मिळत, पोटापाण्याची सोय होती’

यात तथ्य आहे, पण पैसे कशाचे मिळत ते समजून घ्यायला हवं.

बहुतेक काम ‘पदस्त्रोचनिक’वर चालायचं. मूळ भाषा जाणणारा एक माणूस प्रत्येक ओळीखाली तिचा शब्दशः गद्य अर्थ लिहून द्यायचा; सोबत जमलं तर छंद कोणता, यमकांची रचना कशी, पालुपद कुठे, एवढी टिपणं. कवी त्या कागदावरून पद्य रचायचा. उझबेक, कझाक, ताजिक, जॉर्जियन, आर्मेनियन: भाषा एकही न येता एकच कवी या सगळ्यांचा अनुवादक म्हणून छापला जाई. मानधन ओळींवर. म्हणजे चार ओळींची नितांतसुंदर रचना करणाऱ्यापेक्षा दोन हजार ओळींचं प्रशस्तिकाव्य उरकणारा जास्त कमावणार हे उघड आहे.

यात बिघडतं काय? पहिली गोष्ट आवाजाची: गद्य अर्थात नाद उरतच नाही, त्यामुळे पन्नास वेगवेगळे कवी रशियनमध्ये एकाच कवीसारखे ऐकू येतात. दुसरी गोष्ट व्याकरणाची, आणि ती मराठी माणसाला चटकन कळेल. जॉर्जियन किंवा उझबेक भाषेत व्याकरणातलं लिंग नाही. रशियनमध्ये भूतकाळाचं क्रियापद लिंग सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाही, ‘आला’ की ‘आली’ हे ठरवावंच लागतं. प्रेमकवितेत मूळ कवीने संदिग्ध ठेवलेली व्यक्ती पुरुष की बाई, याचा निर्णय पदस्त्रोचनिक लिहिणारा परस्पर घेऊन मोकळा होतो. पद्य रचणाऱ्या कवीला इथे काही निर्णय झाला हेच माहीत नसतं.

या कामाने पोट भरलं, पण माणसं थकली. आर्सेनी तार्कोव्स्की यांनी तुर्कमेन, जॉर्जियन, आर्मेनियन कवितांच्या अनुवादात उमेदीची वर्षं घालवली. त्यांचा स्वतःचा संग्रह १९४६ मध्ये छपाईच्या उंबरठ्यावर थांबवला गेला आणि पहिलं पुस्तक हातात आलं १९६२ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. पौर्वात्य भाषांतरांनी डोकं कसं दुखतं, यावर त्यांची कविताच आहे.

आणि सोय तरी किती भरवशाची? याचं उत्तर तरुण कवी ब्रॉडस्की यांच्यावरच्या खटल्यात मिळतं, आणि एत्किंद त्या खटल्यात साक्षीदार होते.

४ मे १९६१ च्या हुकुमानुसार ‘समाजोपयोगी काम’ न करणाऱ्याला ऐतखाऊ ठरवून हद्दपार करता येत असे. लेखक संघाचा सदस्य असेल त्याला प्रश्न नव्हता. सदस्य नसलेल्या तरुणाकडे आपण काम करतो याचा पुरावा म्हणजे प्रकाशनाबरोबरचे भाषांतराचे करार. योसिफ ब्रॉडस्की यांच्याकडे ते होते. त्यांचे अनुवाद छापूनही आले होते. १३ मार्च १९६४ रोजी दुसरी सुनावणी झाली तेव्हा बाहेर ‘ऐतखाऊ ब्रॉडस्कीवरील खटला’ अशी पाटी आधीच लागलेली होती. निकाल नंतरचा, पाटी आधीची. पत्रकार फ्रिदा विग्दोरोवा यांनी कोर्टात बसून केलेल्या टिपणांमुळे हे सगळं आज शब्दशः वाचता येतं.

न्यायाधीश साव्हेल्येवा यांनी ब्रॉडस्कींच्या कमाईची बेरीज काढली आणि एवढ्यावर जगता कसे, असं विचारलं. त्यांचं उत्तर असं, की तुरुंगात माझ्यावर रोज चाळीस कोपेक खर्च होतात अशी सही मी देत होतो. माझी रोजची कमाई त्याहून जास्त होती. मग प्रश्न आला पदस्त्रोचनिकचा. सरकारी बाजूचं म्हणणं, की भाषा येत नाही, दुसऱ्याच्या गद्यावरून पद्य करतो, म्हणजे दुसऱ्याच्या श्रमावर जगतो. हजारो अनुवादकांची जी रूढ, सरकारमान्य पद्धत, तीच इथे गुन्हा म्हणून मांडली गेली. एत्किंद यांनी साक्षीत सांगितलं, की ब्रॉडस्की यांनी केलेले पोलिश कवी गाल्चिन्स्की यांचे अनुवाद आपण पाहिले आहेत, त्यांत दुर्मीळ गुणवत्ता आहे, आणि पद्यानुवाद हे ज्ञान, प्रतिभा आणि चिकाटी मागणारं अत्यंत कष्टाचं काम आहे. भाषाशास्त्रज्ञ आणि अनुवादक व्लादिमीर आद्मोनी, कवयित्री नताल्या ग्रुदिनिना यांनीही बचावाची साक्ष दिली. विरोधातल्या साक्षीदारांपैकी एक पाइप बसवणारा कामगार होता. आपण ब्रॉडस्कीला ओळखत नाही, वर्तमानपत्रातून माहिती मिळाली, असं त्याने स्वतःच सांगितलं.

निकाल: पाच वर्षं हद्दपारी आणि सक्तीचं काम. प्रत्यक्षात सुमारे दीड वर्ष आर्खांगेल्स्क भागातल्या नोरेन्स्काया खेड्यात. निकालाबरोबर आणखी एक कागद निघाला, तो फारसा सांगितला जात नाही: बचावाच्या तिन्ही साक्षीदारांविरुद्ध ताशेरे, आणि ते लेखक संघाकडे रवाना. भाषांतर हेही काम आहे एवढंच कोर्टात म्हणणाऱ्यांची ही गत.

‘कोठडीत, पुस्तकाशिवाय, अख्खं डॉन जुआन’

या बाई म्हणजे तात्याना ग्नेदिच (१९०७–१९७६). ‘इलियड’चे रशियन अनुवादक निकोलाय ग्नेदिच यांच्याच घराण्यातल्या. ही कथा जगाला माहीत झाली तीही मुख्यतः एत्किंद यांनी लिहिलेल्या आठवणींमधून. ती मुळातून वाचली तर फिरणाऱ्या मजकुरातले दोन तपशील लगेच गळून पडतात.

‘डॉन जुआन’ म्हणजे सोळा पूर्ण सर्ग आणि सतराव्याचा तुकडा. सगळ्या मिळून सुमारे सोळा हजार ओळी. प्रत्येक कडवं आठ ओळींचं: पहिल्या सहा ओळींत दोन यमकं आलटून पालटून, शेवटच्या दोन ओळींत तिसरं, आणि बहुतेकदा तिथेच विनोदाचा दणका. इंग्रजीत एकाक्षरी शब्दांची चंगळ, रशियन शब्द लांब. दहा अक्षरांच्या ओळीत बायरन जेवढं कोंबतो तेवढं रशियनमध्ये मावत नाही. प्रत्येक ओळीत काय सोडायचं हे ठरवावं लागतं, आणि त्यासाठी मूळ ओळ डोळ्यांसमोर लागते.

ग्नेदिच यांना १९४४ च्या अखेरीस अटक झाली. एत्किंद यांच्या कथनानुसार त्यांनी पुस्तकाशिवाय, मनातल्या मनात केला तो नवव्या सर्गाचा अनुवाद. नववा सर्ग ८५ कडव्यांचा, म्हणजे ६८० ओळी. हीसुद्धा थक्क करणारी गोष्ट आहे, तिला फुगवण्याची गरज नाही. ते वाचून तपास अधिकाऱ्याने त्यांना स्वतंत्र कोठडी, बायरनचा खंड आणि शब्दकोश मिळवून दिला. बाकीचं काम झालं ते त्या पुस्तकावरून, सुमारे दोन वर्षांत.

आणि सुटका? झाली नाही. काम पूर्ण झाल्यावर दहा वर्षांच्या शिक्षेतली उरलेली वर्षं काढायला त्यांची रवानगी छावणीत झाली. परतल्या त्या १९५६ मध्ये, अनुवाद प्रसिद्ध झाला १९५९ मध्ये. एका अधिकाऱ्याच्या लहरीने मिळालेली कोठडी ही ‘भाषांतरकारांना मिळणारी सवलत’ म्हणून सांगणं बरं नव्हे.

‘एत्किंद यांना त्रास झाला तो राजकारणामुळे’

वरचे मुद्दे मान्य करणाराही कधी कधी इथे येऊन थांबतो: एत्किंद बंडखोर होते, भाषांतराचा काय संबंध?

त्यांची नोकरी पहिल्यांदा गेली १९४९ मध्ये, ‘विश्वनागरिकां’विरुद्धच्या मोहिमेत, म्हणजे ज्यू आणि पाश्चात्त्य साहित्याचे अभ्यासक एकगठ्ठा हाकलले गेले तेव्हा. लेनिनग्राद सोडून त्यांना तूला इथल्या अध्यापन संस्थेत शिकवावं लागलं. तेव्हा ते कुठल्या बंडात नव्हते. परकीय साहित्य शिकवत होते, एवढंच.

दुसऱ्यांदा, २५ एप्रिल १९७४ रोजी, सगळं एकाच दिवसात उरकलं गेलं. हेर्त्सेन संस्थेच्या विद्वत्सभेने त्यांची डॉक्टरेट आणि प्राध्यापकपद काढून घेतलं. लेखक संघाच्या लेनिनग्राद शाखेने त्यांना बाहेर काढलं. वाचून दाखवलेल्या आरोपांत सोल्झेनित्सिन यांच्या सोव्हिएत छावण्यांवरच्या ‘गुलाग’ या पुस्तकाच्या हस्तलिखिताला आसरा देण्यात मदत, ब्रॉडस्कींच्या हस्तलिखित संग्रहासाठी मिखाईल खेयफेत्स यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेवरचा अभिप्राय, देश सोडू पाहणाऱ्या तरुण ज्यूंना ‘इथेच राहून स्वातंत्र्यासाठी झगडा’ असं सांगणारं पत्र, १९६४ ची साक्ष आणि १९६८ चं ते वाक्य हे सगळं होतं. शेवटच्या दोन गोष्टी सरळसरळ भाषांतराच्या आहेत. दहा वर्षांपूर्वी कोर्टात पद्यानुवादाची बाजू घेतली आणि प्रस्तावनेत त्याचा इतिहास सांगितला, हे आरोपपत्रात मुद्दे होऊन आले. शिवाय शिक्षा कशाला लागली ते पाहा: पदवीला. म्हणजे ज्या विद्वत्तेवर ती मिळाली ती विद्वत्ताच रद्दबातल. पदवी गेली की शिकवणं गेलं, संघ गेला की छापणं गेलं आणि ऐतखाऊपणाचा हुकूम पुन्हा लागू. छप्पन्न वर्षांच्या प्राध्यापकाला दुसरी वाट उरली नाही. देश सोडू नका असं लिहिणारा माणूस ऑक्टोबरमध्ये देशाबाहेर गेला. आपण कटवाले नव्हतो, हे त्यांनी आठवणींच्या पुस्तकाच्या नावातच सांगून ठेवलं आहे.

‘म्हणूनच रशियन भाषांतरं सर्वोत्तम’

लोझिन्स्कींचा दान्ते, पास्तरनाक यांचा ‘फाउस्ट’, ग्नेदिच यांचा बायरन ही शिखरं आहेत, वाद नाही. पण त्याच काळात पदस्त्रोचनिकवरून रचलेली हजारो पानं आज कुणी उघडतही नाही. आणि रशियन पद्यानुवादाची परंपरा स्टालिनपेक्षा कितीतरी जुनी आहे. एत्किंद यांनी १९७३ मध्ये त्रेदियाकोव्स्कीपासून पुश्किनपर्यंतच्या कवी-अनुवादकांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. अठराव्या शतकात ही परंपरा उभी राहत होती तेव्हा ग्लावलितही नव्हतं आणि लेखक संघही.

पॅरिसच्या नांतेर विद्यापीठात शिकवताना त्यांनी फ्रेंचांशी वेगळाच वाद घातला. परकी कविता सरसकट गद्यात किंवा मुक्तछंदात उतरवण्याची फ्रेंच सवय त्यांना मान्य नव्हती, आणि त्यावर त्यांनी १९८२ मध्ये ‘संकटातली एक कला’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. नुसती टीका केली नाही. त्याआधीच्या वर्षी पुश्किनच्या कवितेचे दोन फ्रेंच खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले होते, छंद आणि यमक सांभाळलेले. चांगला पद्यानुवाद बळजबरीतून जन्मतो असं त्यांना वाटत असतं, तर मुक्त पॅरिसमध्ये हा खटाटोप त्यांनी कशाला केला असता?

याच काळात त्यांच्या हाती आणखी एक काम आलं. वासिली ग्रॉसमन यांच्या ‘जीवन आणि नियती’ या कादंबरीचे सगळे कागद १९६१ मध्ये केजीबीने जप्त केले होते. टाइपरायटरच्या फितीसुद्धा सोडल्या नव्हत्या. एक प्रत वाचली ती ‘जांगर’वाल्या लिपकिन यांच्याकडे. तिची छायाचित्रं सूक्ष्मफितीवर देशाबाहेर आली, ती अस्पष्ट होती, काही पानांचा मजकूर जेमतेम दिसत होता. एत्किंद आणि शिमोन मार्किश या दोघांनी बसून तो शब्द-शब्द लावला आणि १९८० मध्ये कादंबरी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला रशियनमध्ये छापली गेली. मार्किश हेही अनुवादकच. त्यांचे वडील, यिद्दिश कवी पेरेत्स मार्किश, यांना १२ ऑगस्ट १९५२ रोजी मॉस्कोत गोळी घालण्यात आली होती.

हेर्त्सेन संस्थेने एत्किंद यांची पदवी परत केली ती १९९४ मध्ये, काढून घेतल्याला वीस वर्षं उलटल्यावर.